नसलेलं गोदाम

हॅलिफॅक्सच्या कौन्सिलात, बॉयलरशेजारच्या टेबलावर
मी दर हिवाळ्यात मीठ वाटते.
रस्त्यांवरचं. तपकिरी, खडबडीत,
जिभेशी संबंध नसलेलं.

तीन गोदामं : एकशेचाळीस टन, नव्वद, साठ.
अकरा गावांची या आठवड्याची मागणी : तीनशे दहा.
दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय
गणित सुटायलाच बसत नाही.
म्हणून खाली एक चौथी ओळ घालायची.
नसलेलं गोदाम. साठा वीस टन. वाहतूक खर्च शून्य.
झालं. जुळलं.

माझ्याआधी इथे बसणाऱ्या मॉरीननं
त्या ओळीला नाव दिलं होतं : स्वर्ग.
मी ते बदललं नाही.

यंत्र निर्दय नाही, काटकसरी आहे.
जिथे पोचायला डिझेल सगळ्यात जास्त
तिथला वाटा ते स्वर्गातून पाठवतं.
म्हणजे ब्लॅकशॉ हेड. दर खेपेला ब्लॅकशॉ हेड.
उभा चढ, एक चॅपल,
आणि वाऱ्याला पाठ करून बसलेली घरं.

काल तिथून फोन. मिसेस ग्रीनवुड.
"तुमच्या तक्त्यात आम्हाला मीठ मिळालंय म्हणे."
मिळालंय, मी म्हटलं. वीस टन.
"कुठून?"

खाल्ल्या मिठाला जागणारी बाई मी.
उत्तर घशापर्यंत आलं
आणि तिथेच विरघळलं.

मीठ किती, विचारलं की आई म्हणायची, चवीपुरतं.
ही मागणी कुठल्या रकान्यात भरायची
ते मला अजून कोणी शिकवलेलं नाही.

रात्री उणे सहा.
पहाटे डेरेक सटक्लिफ गाडी लावून आत आला,
बूट आपटत म्हणाला,
"लडेन्डनला जरा हात आखडून टाकलं.
तीन टन उरलं. वर नेलं."

वर म्हणजे कुठे, मी विचारलं नाही.

सकाळी तक्ता उघडला.
स्वर्गातून ब्लॅकशॉ हेड : विसाचे सतरा केले.
स्वर्गातून लडेन्डन : तीन.
बेरीज तीच, तीनशे दहा.
खर्च तेवढा नऊ पौंड साठ पेन्सनी चढला
आणि यंत्रानं तो चौकोन लाल केला.
दुरुस्त करू का, विचारलं.
नको, मी दाबलं.

दहा वाजता फोन. त्याच बाई.
मी वही ओढली, तक्रारीचा नंबर लिहायला.
पलीकडे किटली शिटी देत होती.
म्हणाल्या,
"काही नाही. पोस्टमन येऊन गेला."