चाकं नकोत

साल्मियाच्या दुकानात
काचेचा रॅक चकाकत होता.
पण दर शुक्रवारी त्याच्यावरची वाळू
पुसणार कोण?

लोखंडी स्वस्त होता,
तो एसीबरोबर गुणगुणतो.
रेकॉर्ड लावली की सुई
आधी कंप्रेसरच ऐकते.

शेवटी कुंजुमोन सुताराकडे गेलो.
अठरा किलोचा अ‍ॅम्प्लिफायर,
मागे वायरींना चार बोटं मोकळी,
वरची फळी जाड, पाणसळीत.
त्यानं पेन्सिल कानावर खोचली.
“चाकं लावू? इथं सगळेच लावून घेतात.”

इकामा मार्चपर्यंत.
मी म्हणालो, “नकोत. डुगडुगतं.”

“आणि सांध्यांना सरस?”

खाली रस्त्यावर कुणाचा तरी फ्रिज
दोरीनं बांधून
टेम्पोत चढत होता.

“सरस नको,” म्हटलं.
“स्क्रूच मार.”