सतरा नंबरचं हँडल

रविवारी सकाळी पोतनीसांच्या दुकानात बसून
मी असिस्टंटच्या हाती जाहिरातीच्या खात्याची किल्ली दिली.
फक्त बघायची मुभा. हात लावायची नाही.
एमवायच्या समोर, शटर अर्धंच वर,
काउंटरवर कागदात पोहे, वरून जिरावण,
मागे भिंतीला टेकून घडी घातलेल्या चाकांच्या खुर्च्या
आणि खाटांच्या कण्हणाऱ्या पाठी.

पोतनीस म्हणाले, "विचार त्याला,
महिन्याचे अठरा हजार माझे
जाऊन कुठे राहिलेत?"

मी विचारलं. मराठीतच.
पडद्यावर तीन टिंबं नाचली
आणि मग शहराने रात्रीबेरात्री टाइप केलेलं सगळं
तो एकाखाली एक मांडत गेला:

पलंग जो ऊपर नीचे होता है
ऑक्सीजन मशीन एक रात के लिए
बाबांसाठी खाट भाड्याने रामबाग
पानी वाला गद्दा घाव न हो
बेड वापस कब ले जाएंगे
बेड वापस

प्रत्येक शब्दापुढे वेळ, प्रत्येक वेळेपुढे पैसे.
एका बोटाच्या एका टोकणीला बेचाळीस रुपये,
घ्यायला आलेला असो की द्यायला.

"कोण आहेत हे?" पोतनीसांनी विचारलं.
"नावं या खात्यात येत नाहीत," त्याने लिहिलं.
"अकरा शोधांतून एकही ऑर्डर नाही.
ते वगळले तर खर्च वाचेल."
अकरावा सगळ्यात खाली होता:
बेड का हैंडल नहीं घूम रहा
रात्री तीन बारा. चार क्लिक. एकशे अडुसष्ट रुपये.

मी वगळायला बोट नेलं,
पोतनीसांनी मनगट धरलं.
त्यांच्या बोटांची हळद माझ्या बाहीला लागली.
"थांब. हा सतरा नंबर आहे."

लाल कापडाची वही उघडली. सतरा:
सुदामा नगर, तिसरा मजला, नऊ तारखेपासून.
"डावीकडे अडतं त्याचं. घेतला तेव्हापासून.
गफूर, तेलाची कुपी घे."

"दुसऱ्या कुणाच्या दुकानाचा असेल," मी म्हटलं.
"असेल. तेल काय महाग आहे?"

"आणि ते वापसवाले?"
"राहू दे त्यांना. त्या घरात तेव्हा
पावती सापडत नसते कुणाला.
शिवाय खाट परत आली, तरच पुढे जाते ना."
हे त्यांनी सुट्टे मोजताना बोलतात
तसं म्हटलं, आणि पोह्यातला शेंगदाणा शोधला.

मी असिस्टंटला कळवलं.
समजलं, त्याने लिहिलं.
या ओळी मी वाया गेलेल्यांत धरणार नाही.
मग कशात धरू?

मी कीबोर्डवर हात ठेवले. उचलले.
समोरच्या फाटकातून एक ऑक्सिजनची नळी
माणसासकट रिक्षात बसत होती.

बाराला गफूर परतला, घामाघूम.
"सत्रह का हैंडल तो मक्खन है, सेठ.
फिर भी डाल दिया. अम्मा ने चाय पिलाई."

पोतनीस गप्प.
म्हणजे तीन बाराला जागं असलेलं घर
अजून कुठेतरी होतं,
आणि कोणीतरी दोन उशा, एक वीट, एक खांदा लावून
एक पाठ तेवढीच उचलून धरत होतं.

त्यांनी चष्मा पुसला, पान उलटलं.
"तेवीस असेल मग," म्हणाले,
"नाहीतर एकतीस," आणि फोन लावला.
"हॅलो, पोतनीस बोलतोय, खाटवाले.
नाही नाही, भाड्यासाठी नाही.
हँडल फिरतंय ना नीट?"

वहीत चाळीस खाटा.
पडद्यावर तो प्रश्न तसाच,
त्याच्या शेवटी रेघ लुकलुकत.