बंद ओठांचा फोटो

मानवतच्या वॉर्ड नंबर चारात
पत्र्याच्या खोलीत माझी अंगणवाडी.
महिन्यातून एकदा आढ्याला काटा टांगते,
झोळीत लेकरू, लोंबकळणारे पाय,
ते रडतं, काटा थरथरतो,
मी श्वास धरून आकडा पकडते.
हिरवा, पिवळा, लाल.
बावीस वर्षांत माझं स्वतःचं वजन
कुठल्याच रजिस्टरला नाही.

गरोदर बायांचा तो चपटा काटा
कुलूप लावायच्या आधी कधीमधी भिंतीकडून ओढते,
चपला काढते, एखाद्या वेळी मंगळसूत्रसुद्धा.
सत्त्याऐंशी.
परत सरकवते, तोंड भिंतीकडं करून.

आज अन्नप्राशन दिवस.
तरन्नुमची अलिना, सहा महिने अकरा दिवस,
नवा फ्रॉक, कपाळाच्या कडेला काजळाचा ठिपका.
मुगाची पातळ खिचडी, करडईच्या तेलाचा थेंब,
मामानं जालन्याहून आणलेला चांदीचा चमचा.
ॲपला फोटो हवा:
चमचा तोंडात, सेविका दिसली पाहिजे, मागं बॅनर.

पहिला चमचा तिनं जिभेनं ढकलला, हनुवटीवर आला.
दुसरा गिळला, डोळे मोठे करून,
जणू कुणी घरात न विचारता शिरलंय.
तिसऱ्याला स्वतःच पुढं झुकली.
चौथ्याला मान फिरवली. बस्स.

फोन तेवढ्यात हँग झालेला.
मदतनीस सुमन म्हणाली, "काहून तोंड फिरवायलंय लेकरू?
फोटो आलाच नाही, ताई. नाक दाबलं की उघडतंय तोंड."
आणि माझा अंगठा
मला न विचारता तिच्या गालाच्या खाचेत गेला.

तो अंगठा माझ्या आईचा.
बहात्तरला ती नऊ वर्षांची,
नालाबंडिंगच्या कामावर, सुकडीच्या रांगेत,
हातात जर्मनची वाटी.
लाल मिलोची भाकरी, चावावी तर भुसा,
थुंकावी तर बापाची थप्पड.
पुढं जिनिंगचा पगार आला, कोठीत पिवळी ज्वारी आली,
रांग मात्र तिच्या पोटातून हलली नाही.
माझ्या ताटात शीत दिसलं की समोर बसून राहायची.
रागवायची नाही. नुसती बघायची.
भूक संपली हे मला पोटातून कधी कळलंच नाही,
आईचा चेहरा सैल झाला की कळायचं:
भरलं.

अजून तसंच.
मुलगा पुण्याहून फोन उचलत नाही,
सुपरवायझर मॅडम सगळ्यांदेखत बोलल्या,
मग ओट्याशी, दिवा न लावता,
शिळ्या धपाट्याला ठेचा लावून उभ्यानंच खाते
कुणाचा तरी चेहरा सैल व्हायची वाट बघत.
आणि सकाळी इथं बायांना सांगते,
लेकराच्या भुकेच्या खुणा ओळखा,
पोट भरल्याच्या ओळखा.
चित्रांचा तक्ता मीच चिकटवलाय, खळ लावून.

अंगठ्याखाली अलिनाचा गाल
लोण्यासारखा, आत हिरड्या घट्ट.
दात नाहीत, शब्द नाही,
तरी एवढं मोठं "नको".

मी हात काढला.
"एवढंच खाल्लं, ताई?" तरन्नुम म्हणाली.
"तिचं झालं."
परत बोलून बघितलं. "झालं तिचं."
फोटो बंद ओठांचाच पाठवला.
ॲप गोल गोल फिरत राहिलं.

सगळ्या गेल्यावर वाटी उरली. अर्धी.
गार, वर पापुद्रा धरलेली.
उरलेलं नेहमी मीच संपवते, टाकायचं कसं.
चमचा उचलला, आणि
भूक आहे का, हे स्वतःला विचारायला
शब्द जुळवावे लागले,
परक्या गावात पत्ता विचारावा तसे.
आतून कुणी काही बोललं नाही.
बराच वेळ वाटीसमोर बसून राहिले
नुसती बघत.