वापरलेलं

कशेळीच्या चढावर काटा लाल रेघेत शिरला
तेव्हा मी तो पाहिला होता.
हे आधीच सांगून टाकतो,
मागाहून धीर व्हायचा नाही.

मागे इंदूताई भाटकर, कासमभाई,
पुढे नाट्याचा ओंकार, त्याला गाडी लागते म्हणून.
सातला तिघांनाही रत्नागिरीत मशीनवर चढायचं.
वाटलं, पावसपर्यंत ओढेल.
गावखडीच्या पुलावर मधोमध
ती एकदा कण्हली, आणि खाडीचा वारा ऐकू यायला लागला.

गोळप फाट्यावर अब्बास फणसोपकरने हेड उघडलं.
काही बोलला नाही. हात पुसले, चहा सांगितला.
अब्बासने चहा सांगितला की समजायचं.

नवीन इंजिन : पंच्याऐंशी हजार, सहा आठवडे,
लाकडी पेटीतून येईल, वर्षाची वॉरंटी, कुणाचा हात न लागलेलं.
जुनं : कोल्हापूरच्या भंगारबाजारातून, तीस,
परवा येईल. वॉरंटी अब्बासच्या तोंडची.

मी गाडीभोवती फिरलो.
खाऱ्या वाऱ्याने खालचा पत्रा पापडासारखा झालेला,
मागचं दार सुंभाने बांधलेलं.
ह्या सांगाड्यात नवं काळीज घालायचं म्हणजे
गळक्या घागरीला चांदीचं झाकण.
आणि जुनं घालायचं तर कुणाचं?
कुठल्या घाटात तापलेलं, कुणी शिव्या घातलेलं,
की पुरात बुडालेल्या गाडीतलं, धुऊन पुसून मांडलेलं?

पहिलं आलं ते तसलंच निघालं.
अब्बासने फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला,
टोकावर तांबूस गाळ आला, नदीचा, मऊ.
"ह्याने आंघोळ केलीये," म्हणाला, आणि त्याच टेम्पोने परत धाडलं.

दुसरं आलं शुक्रवारी.
टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला
खिळ्याने कोरलेली कुणा मिस्त्रीची तारीख,
खाली : व्हॉल्व सेट केले. आवाज बरा.
अब्बास ते दोनदा वाचून म्हणाला,
"ह्याला कुणीतरी ऐकलंय."

मला ते पटलं.
खरं म्हणजे खिशात एकतीस हजार होते,
त्यामुळे लवकर पटलं.

तरी रात्री झोप नाही. सकाळी
भावाच्या रिक्षातून तिघांना नेताना बोलून गेलो :
जुनंच बसवतोय ताई, पण मन घेत नाही.
इंदूताई आरशातून बघत हसली.
"आमच्या यादीत नवीन नसतंच रे बाबा.
नंबर लागलाच तर वापरलेलंच मिळायचं.
वर त्याला विचारायचं,
ह्या अंगात राहशील का म्हणून."
कासमभाई खिडकीबाहेर बघत राहिले.
त्यांचा नंबर साठीनंतर कुणी धरत नाही.

आरसी बुकात नवा नंबर चढवायचा होता.
फॉर्मवर एक बोटभर रकाना : बदलाचे कारण.
काटा पाहिला आणि थांबलो नाही,
एवढं त्यात मावलं असतं.
मी लिहिलं, जुने इंजिन नादुरुस्त.
कारकुनाने शिक्का मारला, पुढचा बोलावला.

सोमवारी पहाटे पाचला निघालो.
आवाज माझ्या ओळखीचा नाही,
जरा घोगरा, तिसऱ्या गिअरमध्ये घसा खाकरणारा,
वळणावर परक्या गावात आल्यासारखा दबकतो.
कशेळीचा चढ संपला तिथे
मी गाडी बाजूला घेतली. बंद केली नाही.
काटा मध्यावर. तरी बघत बसलो.

मागे इंदूताईने पदर सारून
डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली,
जिथे सुईसाठी नस जोडून दिलीये आणि आत
रक्त दिवसरात्र घरघरतं.
ती रोजच बघते, थांबलं तर नाही ना.
"तुझं?" तिने विचारलं.
चालू आहे, म्हटलं.
"माझंपण."
ओंकारने काच खाली केली,
आणि मी पहिला गिअर टाकला.