पंखा तीनवर

सहाव्या दिवशी आणलं त्याला,
रिक्षातून, दोघांनी धरून, बसल्या अवस्थेतच;
गुडघे तसेच दुमडलेले,
खुर्ची तेवढी घरी राहिलेली.

हृषीकेश शिर्के, वय सव्वीस,
दांडिया बाजारात झेरॉक्सचं दुकान.
भाऊ म्हणाला, लहानपणापासूनच हट्टी.
मावशी म्हणाली, बाहेरचं काहीतरी आहे.
पलीकडच्या खाटेवरचे पटेलकाका, कुणी न विचारता:
नाटक करे छे.

मी त्याचा हात उचलला आणि सोडला.
खाली आला नाही.
कोमट मेण वाकावं तसा वाकला
आणि तिथेच राहिला,
जसं वर्गात उत्तर येतंय
आणि बाई विचारतच नाहीत.
उशी काढून घेतली.
डोकं उशीच्या उंचीवरच, हवेत.
मावशीनं पदर तोंडाशी नेला.

"विश्वामित्रीच्या काठावर मगर पडून असते ना,
तसा," भाऊ म्हणाला.
मी म्हटलं, मगर बघत असते.
मग तो आवाज खाली करून बोलायला लागला.

जीभ कोरडी. लघवी जेमतेम.
आधी सलाईन, रक्ताचे रिपोर्ट.
ताप नाही, हे दोनदा पाहिलं.
मग लोराझेपाम दोन मिलिग्रॅम, शिरेतून, सावकाश.

घड्याळाकडे बघत नव्हते म्हटलं तर खोटं होईल.
चौथ्या मिनिटाला पापणी.
सातव्याला हात उतरू लागला,
म्हातारा माणूस जिना उतरतो तसा,
मध्ये थांबत.
अकराव्याला ओठ. आम्ही सगळे वाकलो.
मावशीला वाटलं, देवाचं नाव घेईल.

"पंखा," तो म्हणाला.
"थंडी वाजतेय. कधीची."

जानेवारी महिना. पंखा तीनवर.
सकाळी मीच लावलेला,
तीन जिने चढून आले, मला उकडलं म्हणून.
आणि त्याच वाऱ्यात उभं राहून
केसपेपरवर लिहिलं होतं:
कशालाच प्रतिसाद नाही.

दोन तासांनी तो पुन्हा आत गेला.
चमचा वाटीच्या जरा वर थबकला,
वरणाचा एक थेंब चादरीवर.
भाऊ माझ्याकडे बघत राहिला.
सांगितलं, औषध उतरलं की होतं असं,
आता दर सहा तासांनी देऊ.
नाहीच टिकलं तर शॉक,
भूल देऊन; सिनेमातला नव्हे.
'शॉक' ऐकून मावशी उठून बाहेर गेली.
बाकीचं वाक्य तिनं ऐकलंच नाही.

रात्री राउंडला गेले तेव्हा
भाऊ त्याच्याशी दुकानाचं बोलत होता:
टोनर आलाय, तिसरी मशीन कागद खाते,
मेहताबेन आधारच्या कॉप्या विसरून गेल्यात,
असं काहीबाही, उत्तरासाठी न थांबता.

दारातून मागे वळून बटण पाहिलं.
बंद होतं.
तरी वर बघितलं.