वास उडून जाण्याचा वेग

हिंगण्याच्या एमआयडीसीत, आमच्या शेडच्या उत्तर भिंतीवर
एक काळा फळा आहे. बावीस वर्षं
हेडाऊ फोरमन त्यावर खडूनं आठवडा मांडतात:
कोणता गिअर आधी लेथवर, कोणता शाफ्ट मिलिंगला,
ग्राइंडरपाशी कोण कोणासाठी थांबणार.

अठरा जॉब, सात मशिनी.
प्राजक्ता उके म्हणाली, एकाच मशिनीपुढच्या रांगा
सेकंदाला एक अशा मोजत बसलं
तर वीस कोटी वर्षं लागतील.
हेडाऊ म्हणाले, "अन् माल शनवारी धाडाचा हाय."

मग तिनं लॅपटॉपात मुंग्या सोडल्या.
नुसते आकडेच, पण चालणारे.
जॉबवरून जॉबवर, जिला जसं सुचेल तसं.
जिची वाट लवकर संपते तिचा वास मागे जास्त उरतो,
पुढची तो हुंगत येते.
"एवढंच?" मी विचारलं.
"एवढंच. आणि वास उडत राहिला पाहिजे.
नाही उडाला, तर पहिल्याच बऱ्या वाटेला
सगळ्या मरेस्तोवर चिकटून राहतात."

बाहेर शेचाळीस. कूलरचा वाळा
सकाळी भिजवलेला, अकराला कोरडा.
उडून जाणं नागपुरात कुणाला शिकवायचं?
हेडाऊ मात्र फळ्याकडे बघत राहिले,
सोमवारच्या पहिल्या रकान्याकडे,
जिथे बावीस वर्षं एकच लेथ.

मुंग्यांचं म्हणणं आलं:
मंगळवारी ग्राइंडर दीड तास रिकामा ठेवा.
"काऊन ठेवाचा बे रिकामा? पाहुणा येऊन राह्यला का?"
तरी ठेवला.
शनिवारचा माल शुक्रवारी पाचला ट्रकमध्ये होता.

तर्री-पोहे मागवले.
लांजेवारनं प्लेट उचलली नाही. ग्राइंडर त्याचा.
शुक्रवारची रात्र त्याची, ओव्हरटाइमची,
मुलीच्या नर्सिंगच्या फीची.
"टाइम वाचला म्हणता, मॅडम.
वाचला तं मंग गेला कोनाच्या खिशात?"

प्राजक्ता डबा उघडा ठेवून तशीच बसली.
"मी त्यांना एकच सांगितलं होतं, लवकर संपवा.
जे सांगितलं नाही
त्याला वासच नसतो."

एव्हाना तिच्या डब्याकडे खऱ्या निघाल्या होत्या,
फळ्याखालच्या भेगेतून.
हेडाऊंनी खडूनं आडवी रेघ ओढली.
रांग थबकली, चाचपली, दोन्हीकडून वळसा घेऊ लागली.
एक तेवढी भलतीकडेच,
भिंतीवर, फळ्यावर,
लांजेवारच्या नावावरून गेली आणि दिसेनाशी झाली.

सोमवारी फळ्यावर प्रोग्रामचाच आठवडा होता,
हेडाऊंच्या अक्षरात, तिरपा.
खाली कोपऱ्यात एक जास्तीची ओळ:
लांजेवार, सहा तास. हेबी मोजा.

प्राजक्तानं ती वाचली, लॅपटॉप उघडला.
"मोजते," म्हणाली. "पण कितीनं गुणू?
एक तास लवकर संपणं
आणि त्यांचा एक तास,
यात जड कोणता धरू?"

शेडमध्ये नऊ माणसं होती.
मी वाळ्यावर पाणी मारायला उठलो.