अज्ञान, वय वर्षे सहा

पहिला वकील फोर्टात.
लिफ्ट बंद, चार जिने, टेबलावर काच,
काचेखाली तीन देव आणि एक हिरवं कॅलेंडर.
“तारखेचे वेगळे, ड्राफ्टिंगचे वेगळे.”
मग त्याने लिहून घेतलं: अपत्य एक, पुरुष, अज्ञान.
मी म्हटलं, अज्ञान कसा?
त्याला दोन्ही घरांचे वायफायचे पासवर्ड पाठ आहेत.
कुठल्या आजीसमोर कुणाचं नाव काढायचं नाही, तेही.
“मॅडम, कायद्यात अठरापर्यंत सगळे अज्ञानच.”

दुसरा वांद्र्याला, झेरॉक्सच्या दुकानावर.
“ताबा पाहिजे ना? मग पुरावे आणा.
पितो? हात उचलतो? नाही?
कधीच नाही? आठवून बघा.”
मी खरंच आठवून बघितलं,
बसमध्ये, पार कुर्ल्यापर्यंत.

ताबा हा शब्द मी एकदाच सही करून घेतला होता:
भांडुपचा फ्लॅट, बिल्डरचं पत्र, दोन किल्ल्या,
उंबऱ्यावर फोडलेला नारळ. नासका निघाला.
केवढे हसलो होतो आम्ही.
सहा वर्षांच्या पोराचा कार्पेट एरिया
किती धरतात?

तिसऱ्या रेगेबाई, ठाकूरद्वारला.
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
माझी फाईल त्यांनी उघडलीच नाही.
लसींचं कार्ड, पगाराच्या स्लिपा, प्रगतिपुस्तक,
सगळं तारखेनुसार लावलं होतं मी.
म्हणाल्या, “त्याच्या बापाला असं काय जमतं
जे तुम्हाला जमत नाही?”

मी उठले. पर्स घेतली.
परत बसले.

मी परळच्या लॅबमध्ये रक्त काढते.
दोन दिवसांच्या बाळाची शीरसुद्धा
मला पहिल्या टोचणीत सापडते.
पण निहारची नखं मला कापता येत नाहीत.
किंचाळतो, मुठी मिटून घेतो.
पराग त्याला मांडीवर घेतो,
प्रत्येक बोटाला भाजीचं नाव ठेवतो,
अंगठा दुधी, करंगळी गवार,
आणि दहा भाज्या चिरून होतात
तरी पोरगं हसतच असतं.

बाईंनी लिहून घेतलं. गवारसुद्धा.
“हे तुम्हाला कोर्टात सांगावं लागेल.
त्यांनी विचारायच्या आधी, आपण होऊन.
जमणार असेल तर सोमवारी या.
फीचं मग बघू.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
जिन्यात कुणीतरी सुकट भाजत होतं.

घरी आले तेव्हा तो झोपलेला,
शेजारच्या काकू टीव्ही म्यूट करून बसलेल्या.
एक हात चादरीबाहेर.
नखांत निळा खडू.
नेलकटर औषधांच्या डब्यात आहे, मला माहीत आहे.
झोपेत कापली तर कळणारही नाही त्याला.

आज गुरुवार.
रविवारी तो तिकडे असतो.

मी डबा उघडला,
माझी डोकेदुखीची गोळी घेतली,
झाकण लावलं.